संशोधकांच्या कार्यशाळेत श्रोताही हवा

वाचकाचे पत्र

‘मी एका संशोधन संस्थेत प्रशिक्षणाचे काम पाहते. आमच्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना आणि तरुण शास्त्रज्ञांना आपले संशोधन सर्वसामान्य लोकांपुढे मांडता यावे, म्हणून गेल्या वर्षी आम्ही दोन दिवसांची कार्यशाळा घेतली. सोपे शब्द वापरा, गोष्टीच्या रूपात सांगा, स्लाइडवर मजकूर कमी ठेवा, आवाजात चढउतार आणा, हे सगळे शिकवून झाले. अभिप्राय उत्तम आले. पुढच्याच महिन्यात संस्था पाहायला नागरिक आले आणि हीच मुले त्यांच्यापुढे उभी राहिली, तेव्हा पुन्हा तीच परिभाषा, तेच आलेख आणि समोर कोरे चेहरे! त्यात आमचे एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ म्हणतात, की सोपे करणे म्हणजे चुकीचे सांगणे, आणि या नादात मुलांचा प्रयोगशाळेतला वेळ वाया जातो. यंदा पुन्हा कार्यशाळा घ्यायची आहे. ती कशी घ्यावी? आणि या ज्येष्ठांना काय उत्तर द्यावे?’

उत्तर

स. न.

तुम्ही शिकवलेल्या चारही गोष्टी उपयोगाच्या आहेत आणि त्या शिकवल्याबद्दल हळहळ वाटून घेण्याचे कारण नाही. मात्र तुमच्या पत्रात कार्यशाळेचे इतके बारीक वर्णन असूनही एका माणसाचा उल्लेख कुठेच आला नाही, तो म्हणजे ज्याला त्या विषयातले काहीही माहीत नाही असा श्रोता. दोन दिवस शास्त्रज्ञ शास्त्रज्ञांपुढेच सोपे बोलण्याचा सराव करत होते. शेजारच्या प्रयोगशाळेतल्या मित्राने मान डोलावली की जमले, असे ठरत होते. त्या मित्राला पेशी, जनुक, नियंत्रित प्रयोग, सरासरी या गोष्टी आधीच ठाऊक असतात, त्यामुळे वाक्यातल्या गाळलेल्या जागा तो नकळत भरून घेतो. खरा नागरिक समोर आला तेव्हा त्या जागा रिकाम्या राहिल्या. माझ्या मते तुमच्या अडचणीचे मूळ इथे आहे, आणि यंदाची सगळी आखणी याच ठिकाणापासून सुरू करावी.

ज्याच्या अंगात एखादा विषय मुरला आहे, त्याला तो माहीत नसतानाची आपली अवस्था आठवत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० साली आपल्या पीएच.डी.च्या कामात याचा एक फार साधा प्रयोग केला होता. काही जणांनी सर्वांच्या ओळखीच्या गाण्यांची लय टेबलावर बोटांनी वाजवायची आणि समोरच्याने गाणे ओळखायचे. निम्म्या वेळा तरी गाणे ओळखले जाईल, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० पैकी फक्त ३ गाणी ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर, शब्द, वाद्यमेळ असे सगळे चालू असते आणि ऐकणाऱ्याच्या वाट्याला केवळ टकटक येते. कार्यशाळेच्या सुरुवातीला हा प्रयोग जोड्या पाडून जरूर करून घ्या. पाच-दहा मिनिटे लागतात आणि ‘आम्ही तर अगदी सोपे सांगतो’ ही समजूत त्यात बरीचशी गळून पडते. तसे झाल्याशिवाय पुढचे शिकणे रुजत नाही.

त्यानंतर खरे श्रोते खोलीत आणा. सहा ते आठ जण पुरेत, पण ते संस्थेबाहेरचे, निरनिराळ्या वयांचे आणि निरनिराळ्या कामांतले असावेत. शास्त्रज्ञांचे नातेवाईक नकोत, कारण ते कौतुक करतात. संस्थेतले कर्मचारीही शक्यतो नकोत, कारण साहेबांचे कळले नाही हे त्यांना मोकळेपणाने सांगता येत नाही. या श्रोत्यांच्या वेळेचे मानधन द्या, म्हणजे ते पाहुणे न राहता कामाला आलेले लोक होतील. त्यांना एकच गोष्ट बजावून सांगा, की सभ्यपणासाठी मान डोलवायची नाही.

‘कळले का?’ हा प्रश्न कार्यशाळेतून हद्दपार करा. त्याला ‘हो’ याखेरीज उत्तर मिळत नाही, कारण ‘नाही’ म्हणण्यात ऐकणाऱ्याला स्वतःचा कमीपणा वाटतो. त्याऐवजी श्रोत्याने ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगायचे आणि संशोधकाने मध्ये न बोलता ते ऐकून घ्यायचे. चांगल्या रुग्णालयांत डॉक्टर किंवा परिचारिका औषध कसे घ्यायचे ते समजावून झाल्यावर रुग्णाकडूनच ते वदवून घेतात, त्याच रीतीने. यातून काय हाती लागते, ते एका उदाहरणाने जरा सविस्तर पाहू, कारण माझ्या सांगण्याचा गाभा त्यात आहे.

समजा, तुमची एक विद्यार्थिनी स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूवर काम करते. तिचे मूळ वाक्य असे असेल: ‘आम्ही स्यूडोमोनासच्या बायोफिल्मनिर्मितीतील कोरम सेन्सिंगच्या भूमिकेचा अभ्यास करतो, जेणेकरून प्रतिजैविकांना होणाऱ्या प्रतिरोधावर उपाय शोधता येईल.’ गेल्या वर्षीच्या कार्यशाळेत हे ऐकून तुम्ही तिला सोपे करायला सांगितले असते आणि तिने ते असे केले असते: ‘जिवाणू एकमेकांशी बोलतात. आम्ही त्यांचे बोलणे बंद पाडतो, म्हणजे औषधे पुन्हा लागू पडतील.’ वाक्य सुटसुटीत आहे, लक्ष वेधून घेते, सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. आता समोर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ बसले आहेत असे धरा आणि त्यांना ते परत सांगायला लावा. ते म्हणतील, ‘औषध आले की जिवाणू एकमेकांना सावध करतात. या बाईंनी त्यावर नवे औषध शोधले आहे.’ सद्गृहस्थांनी काहीही वावगे केलेले नाही. जे ऐकले त्यातून कोणीही शहाणा माणूस हाच अर्थ काढेल. पण त्यात जिवाणूंना नसलेली समज आली, औषधाची चाहूल लागते हा नसलेला मुद्दा आला, आणि अजून काचेच्या पट्टीवर असलेला प्रयोग थेट औषधाच्या दुकानात पोहोचला.

हे ऐकताना त्या विद्यार्थिनीचा चेहरा पडेल आणि ती लगेच दुरुस्ती करायला पुढे सरसावेल. तिला थांबवा. आधी तिने स्वतःच्या वाक्यात हा गैरसमज कुठून शिरला, ते शोधायचे. मग श्रोत्याला विचारायचे, की ‘जिवाणू’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काय येते. मग पुन्हा सांगायचे. दोन-तीन फेऱ्यांनंतर तिचे सांगणे साधारण असे होईल:

‘काही जिवाणू एकेकटे न राहता थराने राहतात. रुग्णाच्या शरीरात बरेच दिवस ठेवलेल्या नळीच्या आतून कधी कधी बुळबुळीत थर धरतो, तो असाच असतो. जिवाणू स्वतःच एक चिकट पदार्थ तयार करून त्यात रुतून बसतात. अशा थरातल्या जिवाणूंना मारायला सुट्या जिवाणूंपेक्षा पुष्कळ जास्त औषध लागते. आता हा थर बांधायची वेळ झाली, हे त्यांना कसे कळते? प्रत्येक जिवाणू एक रसायन बाहेर सोडत असतो. जिवाणू थोडे असले तर ते विरून जाते. गर्दी झाली की ते साचते आणि एका प्रमाणाच्या वर गेले, की जिवाणूंमधली काही जनुके चालू होतात. त्यांतल्या काहींचा थर बांधण्याशी संबंध आहे. हे रसायन अडवले तर थर कच्चा राहतो का, हे मी प्रयोगशाळेत काचेच्या पट्टीवर वाढवलेल्या जिवाणूंमध्ये तपासते. रुग्णांवर आम्ही अजून काहीही वापरून पाहिलेले नाही.’

हे उत्तर पहिल्या ‘सोप्या’ वाक्यापेक्षा बरेच लांब आहे, हे लक्षात घ्या. सोपे म्हणजे थोडक्यात, ही समजूत कार्यशाळांनी विनाकारण पसरवली आहे. ऐकणाऱ्याला शब्दांची संख्या जड जात नाही. एका वाक्यातून पुढच्या वाक्यात जाताना मधली पायरी नसली की तो अडखळतो. वरच्या उत्तरात प्रत्येक पायरी आहे, डोळ्यांपुढे आणता येईल अशी एक वस्तू आहे, आणि संशोधन कुठवर आले आहे याची प्रामाणिक कबुलीही आहे. ही कबुली प्रत्येकाकडून आग्रहाने घ्या. तिच्यामुळे संशोधन लहान ठरत नाही, उलट बोलणाऱ्यावर विश्वास बसतो.

बोलण्याआधी ऐकण्याचे एक स्वतंत्र सत्रही ठेवा. त्यात संशोधकाने आपल्या कामाबद्दल अवाक्षर न काढता श्रोत्याला केवळ प्रश्न विचारायचे: या विषयाशी तुमचा कधी संबंध आला, तुम्हाला त्यात कशाची काळजी वाटते, तुम्ही काय करून पाहिले. अनेकांना हे सत्र वेळखाऊ वाटेल, तरीही ते गाळू नका. चेर्नोबिलची अणुभट्टी एप्रिल १९८६मध्ये फुटल्यावर किरणोत्सारी सीझियम पावसाबरोबर इंग्लंडमधल्या कंब्रियाच्या डोंगराळ कुरणांवर उतरले आणि तिथल्या मेंढ्यांच्या विक्रीवर निर्बंध आले. सीझियम मातीत अडकून बसेल आणि गवतात परत येणार नाही, या हिशोबावर निर्बंध तीन आठवड्यांत उठतील असे सांगण्यात आले. चिकणमातीसाठी हा हिशोब बरोबर होता. डोंगरावरच्या आम्लधर्मी, पीटयुक्त (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या) जमिनीत मात्र सीझियम गवताच्या मुळांना मिळत राहते. ब्रिटनमधले अखेरचे निर्बंध उठायला २०१२ साल उजाडले. समाजशास्त्रज्ञ ब्रायन विन यांनी तिथल्या मेंढपाळ शेतकऱ्यांशी बोलून हे सगळे प्रकरण अभ्यासले. त्यात एक प्रसंग असा आहे, की सीझियम शोषणारी खनिज माती पसरून पाहण्यासाठी मेंढ्यांना कुंपणात ठेवले गेले. मोकळ्या डोंगरावर चरणाऱ्या मेंढ्या कोंडल्या की खंगतात, हे शेतकरी आधीपासून सांगत होते आणि शेवटी तो प्रयोग सोडून द्यावा लागला. शास्त्रज्ञांनी वापरलेली भाषा सोपी होती की अवघड, याने इथे काहीच फरक पडला नसता. समोरच्या माणसाला आपल्याला माहीत नसलेले काही माहीत असू शकते, ही जाणीवच नव्हती, आणि त्यानंतर खात्रीने दिलेल्या आश्वासनांवर कोणी विश्वास ठेवेना. तरुण संशोधकांच्या मनावर हे सुरुवातीलाच ठसले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आकड्यांसाठी अर्धा दिवस वेगळा काढा. शास्त्रज्ञांना आकडे सांगता येतात, असे आपण गृहीत धरतो आणि तिथेच सर्वांत मोठे अनर्थ होतात. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९९५मध्ये औषध सुरक्षा समितीने इशारा दिला, की तिसऱ्या पिढीतल्या, म्हणजे तेव्हाच्या नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुपटीने वाढतो. दुपटीने म्हणजे १०० टक्के, असे लोकांपर्यंत पोहोचले. असंख्य स्त्रियांनी घाबरून गोळ्या बंद केल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले, असा अंदाज आहे. मूळ आकडे काय होते? आधीच्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० स्त्रियांमध्ये सुमारे एकीला गुठळी होत असे, नव्या गोळ्या घेणाऱ्या ७,०००मध्ये सुमारे दोघींना. शिवाय गरोदरपणात गुठळीचा धोका या गोळ्यांमुळे होणाऱ्या धोक्यापेक्षाही जास्त असतो. ‘दुप्पट’ हे खोटे नव्हते, पण कशाच्या दुप्पट हे न सांगितल्याने त्याचा परिणाम खोट्यासारखाच झाला. म्हणून तुमच्या प्रत्येक संशोधकाने आपल्या निष्कर्षातला एक आकडा घ्यावा, तो ‘इतक्या माणसांपैकी इतकी माणसे’ अशा रूपात मांडावा, आणि दोन्ही बाजूंना छेद एकच ठेवावा. मग श्रोत्याला विचारावे, की हे ऐकून तुम्ही काय कराल. त्याने ‘काळजी करीन’ म्हटले आणि संशोधकाच्या मते काळजीचे कारण नसेल, तर मांडणी पुन्हा करावी.

उपमा-दृष्टान्तांवर सगळ्यांच्याच उड्या पडतात, म्हणून तिथे थोडा लगाम हवा. हिग्ज बोसॉन हा अतिसूक्ष्म कण म्हणजे काय हे कोणीतरी एका कागदावर सांगावे, असे आव्हान ब्रिटनचे विज्ञानमंत्री विल्यम वॉल्डग्रेव्ह यांनी १९९३मध्ये भौतिकशास्त्रज्ञांना दिले होते. डेव्हिड मिलर यांनी दिलेला दृष्टान्त त्यात गाजला: पक्षाच्या कार्यकर्त्यांनी भरलेल्या दालनात माजी पंतप्रधान शिरतात, भोवती माणसे गोळा होतात आणि त्यांना चालणे जड जाते, कणांना वस्तुमान मिळते ते काहीसे असे. दृष्टान्त सुरेख आहे, पण ऐकणारा त्यातून हिग्जचे क्षेत्र म्हणजे घर्षण, अशी समजूत घेऊन जाऊ शकतो. घर्षणाने चालती वस्तू थांबते. वस्तुमानामुळे ती थांबत नाही, तिचा वेग बदलायला जोर लागतो, एवढेच. दृष्टान्त वापरू नका असे मी म्हणत नाही. तो सांगून झाल्यावर ‘हे साम्य इथपर्यंतच खरे आहे’ हे वाक्य जोडण्याची सवय लावा आणि ते वाक्य काय असेल, हे प्रत्येकाने आधीच लिहून आणावे असा नियम करा.

तुमच्या ज्येष्ठांच्या आक्षेपाचे उत्तर आता देता येईल, आणि त्यातला अर्धा भाग मान्य करून सुरुवात करणे योग्य होईल. सोपे करताना चुकीचे सांगितले जाते, ही त्यांची भीती निराधार नाही. वरच्या ‘जिवाणू बोलतात’मध्ये तेच झाले होते. ते ज्याला घाबरतात ते टाळायचे असेल, तर त्यांच्याइतका योग्य माणूस तुम्हाला मिळणार नाही. त्यांना कार्यशाळेत बोलवा आणि श्रोत्याच्या शेजारी बसवा. श्रोत्याने परत सांगितलेले ऐकून त्यांनी एवढेच ठरवायचे, की यात चुकीचे काही आहे का. अपुरे असले तर चालेल, चुकीचे चालणार नाही, ही मर्यादा त्यांना स्पष्ट करून सांगा, कारण अपवाद, तळटिपा आणि सहलेखकांची नावे यांच्यासाठी अनेक ज्येष्ठ अडून बसतात. काय गाळायचे याचा निर्णय बोलणाऱ्याचा, काय खोटे आहे याचा निर्णय त्यांचा, अशी वाटणी झाली की भांडण बरेच निवळते.

वेळ वाया जातो हे त्यांचे म्हणणे मात्र मला पटत नाही. इटलीतल्या लाक्विला परिसरात २००९च्या सुरुवातीला भूकंपाचे लहान धक्के बसत होते. ३१ मार्चला तज्ज्ञांची बैठक झाली. काळजीचे कारण नाही, लहान धक्क्यांनी ऊर्जा बाहेर पडते आहे ही चांगलीच गोष्ट आहे, असा दिलासा तिथल्या लोकांना एका अधिकाऱ्याने दिला. तो शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा होता. ६ एप्रिलच्या रात्री मोठा भूकंप झाला आणि ३०९ माणसे गेली. २०१२मध्ये सहा शास्त्रज्ञांना आणि त्या अधिकाऱ्याला सहा-सहा वर्षांची शिक्षा झाली. शास्त्रज्ञ २०१४मध्ये अपिलात निर्दोष सुटले. भूकंप कधी होईल हे कोणालाच सांगता येत नाही, पण ‘आम्हाला सांगता येत नाही’ हे वाक्य लोकांना समजेल अशा रीतीने त्या आठवड्यात कोणी बोलले नाही. शास्त्रज्ञ गप्प राहिले म्हणून त्यांचे म्हणणे लोकांपर्यंत जायचे थांबत नाही, ते दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून जाते. हे शिकण्यासाठी दिलेले दिवस प्रयोगशाळेच्याच कामात धरावेत.

लोकांपुढे बोलण्याची हातोटी जन्मजात असावी लागते असेही कोणी म्हणेल. शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे हे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानांसाठी इतके नावाजलेले, पण विशीत ते इतरांची व्याख्याने ऐकून सभागृहातली हवा, श्रोत्यांची बैठक, उपकरणांची मांडणी, वक्त्याचे उभे राहणे यांची टिपणे काढत आणि १८१३मध्ये त्यांनी आपल्या मित्राला यावर पत्रेच्या पत्रे लिहिली. पुढे त्यांनी वक्तृत्वाची रीतसर शिकवणी घेतली, आणि आपण भराभर बोलू लागलो तर ‘सावकाश’ असे लिहिलेले कार्ड समोर ठेवायला सहायकाला सांगून ठेवले होते. त्यांनाही सांगणारा कोणीतरी लागत होता.

पाठ्यक्रमात आणखी काय घालावे, असे तुमच्या मनात येईल. अभिनेते ॲलन आल्डा यांच्या प्रेरणेने २००९मध्ये अमेरिकेतल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात सुरू झालेल्या केंद्रात शास्त्रज्ञांकडून उत्स्फूर्त नाट्याचे खेळ करून घेतात. त्यांत समोरच्याकडे सतत लक्ष ठेवावे लागते, म्हणून ते मला आवडतात आणि सकाळच्या सत्रात एखादा घ्यायला हरकत नाही. क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८मध्ये सुरू केलेल्या स्पर्धेत तीन मिनिटांत आणि एका स्लाइडवर प्रबंध मांडायचा असतो. गाभा शोधण्याची ती चांगली शिस्त आहे, पण तिथे श्रोता मधेच थांबवू शकत नाही, म्हणून मुख्य सराव तिच्यावर बेतू नका.

राहिला प्रश्न महिन्याभरात सगळे विसरण्याचा. त्यासाठी सलग दोन दिवस घेणेच बंद करा. नागरिकांच्या पुढच्या भेटीची तारीख आधी ठरवा आणि तिच्यापासून मागे मोजत तीन अर्धे दिवस दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने ठेवा. एका गटात आठापेक्षा जास्त संशोधक घेऊ नका, म्हणजे प्रत्येकाला दरवेळी बोलायला आणि चुकायला मिळेल. भेटीच्या दिवशी मोठ्या सभागृहातले व्याख्यान रद्द करून प्रत्येक संशोधकाला चार-पाच पाहुण्यांबरोबर त्याच्याच प्रयोगशाळेत अर्धा तास द्या; समोरची माणसे तिथे त्याला थांबवून विचारू शकतात. पाहुणे निघताना त्यांच्या हाती अभिप्रायाचा तक्ता देऊ नका. ‘घरी गेल्यावर आज काय पाहिले असे कोणी विचारले, तर काय सांगाल?’ एवढेच विचारा, त्यांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या आणि त्याच संध्याकाळी ती त्या त्या संशोधकाला वाचायला द्या. पुढच्या गटाचे पहिले सत्र या उत्तरांवरच घेता येईल.